लाल समुद्री शेवाळ, ऊन आणि नायट्रोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, हर्णै या पट्ट्यातले कॉलेजचे विद्यार्थी, सीवीड शेतीचा विचार करणारे बचत गट आणि नुसतेच खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, फिरायला आवडणारे लोक लाल शेवाळ उन्हापासून स्वतःला कसं वाचवतं आणि त्यात नायट्रोजनचा काय संबंध, यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलेत. क्रम काही खास नाहीये, हवा तो प्रश्न आधी वाचा.

लाल शेवाळ म्हणजे नक्की कुठलं? आमच्याकडे तर सगळं हिरवंच दिसतं.

नीट बघितलंत तर भरपूर लाल आहे, फक्त ते टकटकीत लाल नसतं. ओहोटीला खडप उघडं पडलं की खालच्या अंगाला ग्रॅसिलेरिया, हिप्निया, ॲकँथोफोरा, जेलिडियमची बारीक गादी, चुन्याने कडक झालेली अँफिरोआ असे बरेच प्रकार सापडतात, रंग कधी गडद मरून, कधी तपकिरी, कधी जांभळट आणि उन्हात राहिलं असेल तर चक्क पिवळट. पावसाळ्यात वरच्या कातळावर जिथे फक्त लाटांचे शिंतोडे पोचतात तिथे पातळ जांभळट-तपकिरी पापुद्रे चिकटलेले दिसतात ते पोर्फायरा, आपल्याकडची जात पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. जपानी नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात तो शेवाळाचा पातळ कागद, याच कुळातल्या शेवाळाची. या पानाचा हिरो खरं तर हाच पापुद्रा आहे, पुढे बऱ्याच उत्तरांत येईल.

शेवाळ उन्हावरच तर जगतं, मग ऊन त्याला त्रास कसा देईल?

ऊन लागतंच, पण जेवढं वापरता येतं त्यापेक्षा जास्त आलं की ती जादा ऊर्जा पेशीत ऑक्सिजनची त्रासदायक रूपं तयार करते आणि ती प्रथिनं, चरबी, सगळ्यावर तुटून पडतात. त्यात वरून अतिनील किरणं. ३१५ ते ४०० नॅनोमीटरची यूव्हीए आणि २८० ते ३१५ ची यूव्हीबी, यातली यूव्हीबी थेट डीएनएला इजा करते. गढूळ पाण्यात ही यूव्हीबी लवकर अडते म्हणून पाण्याखालचं शेवाळ बऱ्यापैकी सुरक्षित असतं, पण ओहोटीला उघड्यावर पडलेल्या शेवाळावर पाण्याचं पांघरूण उरत नाही. पोर्फायरा तर ओहोटीच्या काही तासांत अंगातलं ८५ ते ९५ टक्के पाणी घालवून कुरकुरीत होतो आणि भरतीचं पाणी लागलं की परत जिवंत, हे एकदा स्वतः जाऊन बघाच.

मग ते स्वतःला वाचवतं कसं?

बऱ्याच गोष्टी एकदम चालू असतात. झिॲक्सँथिन, ल्युटीन, बीटा-कॅरोटिन ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं असतात, ऑक्सिजनची ती त्रासदायक रूपं निकामी करणारी एन्झाइम्स असतात, पण लाल शेवाळाची खासियत म्हणजे मायकोस्पोरीनसारखी अमिनो आम्लं, शॉर्टमध्ये एमएए. हे छोटे, पाण्यात विरघळणारे, रंगहीन रेणू साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटरची किरणं शोषून घेतात आणि ती ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतात, मध्ये कुठलाही घातक तुकडा तयार न होता. म्हणून ते स्वतःही उन्हात लवकर तुटत नाहीत. लाल शेवाळात नेहमी भेटणारे म्हणजे शिनोरिन, पोर्फायरा-३३४, पॅलिथिन, ॲस्टेरिना-३३० आणि मायकोस्पोरीन-ग्लायसीन. हिरव्या शेवाळांत हे सहसा नसतातच, तपकिरी शेवाळं फ्लोरोटॅनिन नावाच्या वेगळ्याच द्रव्यांवर काम भागवतात.

जास्त ऊन म्हणजे जास्त एमएए, बरोबर ना?

अर्धंच बरोबर, आणि जवळपास सगळे इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सगळी लाल शेवाळं सारखी वागत नाहीत. अभ्यासकांनी साधारण तीन गट केलेत: खोल किंवा कायम सावलीत राहणारी ज्यांच्यात एमएए नाहीतच आणि उन्हात ठेवली तरी बनत नाहीत, मधल्या पट्ट्यातली, ज्यांच्यात ऊन वाढलं की वाढतात, आणि वरच्या कातळावरची, ज्यांच्यात कायम भरपूर असतात, ऊन कमी असो की जास्त. पोर्फायरा तिसऱ्या गटात. त्याच्या वाळलेल्या १ ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅमच्या आसपासही एमएए मिळू शकतात, म्हणजे वजनाच्या सुमारे १ टक्का, जे एका लहान रेणूसाठी खूपच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊन फक्त ऑर्डर देतं, माल नायट्रोजन पुरवतो. शिनोरिन किंवा पोर्फायरा-३३४ च्या एका रेणूत नायट्रोजनचे २ अणू लागतात. पाण्यात नायट्रेट-अमोनियम, म्हणजे शेवाळाला घेता येणारी नायट्रोजनची रूपं, नसतील तर कितीही कडक ऊन पडू दे, शेवाळ एमएए बनवणार कशातून? प्रयोगशाळेत पोर्फायराच्या आणि ग्रॅसिलेरियाच्या जाती वेगवेगळ्या अमोनियमच्या पाण्यात ठेवून हे तपासलं गेलंय आणि अमोनियम वाढवलं तसे एमएए वाढलेत, तेही यूव्ही चालू असताना जास्त.

कुठला प्रकाश महत्त्वाचा? यूव्हीच का?

फक्त यूव्ही नाही. थंड समुद्रातल्या कॉन्ड्रस क्रिस्पस या लाल शेवाळावर बरंच काम झालंय, त्याला खोल पाण्यातून उथळ पाण्यात आणलं की काही दिवसांतच एमएए वाढायला लागतात, सुरुवातीला शिनोरिन आणि नंतर पॅलिथिनचं प्रमाण वाढतं, आणि हे निळ्या प्रकाशानेही होतं, यूव्हीएनेही. पोर्फायरा ल्युकोस्टिक्टावर रंगीत प्रकाशाचे प्रयोग झाले त्यात निळ्या उजेडात पोर्फायरा-३३४, पॅलिथिन, ॲस्टेरिना जास्त जमले आणि पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या, लाल उजेडात शिनोरिन. म्हणजे शेवाळाला नुसतं 'ऊन किती' एवढंच कळत नाही, 'कुठलं' हेही कळतं, त्यामुळे ग्रीन नेट टाकून सावली केली आणि यूव्हीच कापली असं समजणं चूक आहे, नेट सगळाच प्रकाश कमी करते.

कोकणात मग कुठल्या महिन्यात जास्त असायला पाहिजे?

इथे आपल्या किनाऱ्याचं कॅलेंडर समजून घ्यावं लागतं, कारण आपल्याकडे ऊन आणि नायट्रोजन एकाच वेळी येत नाहीत.

एप्रिल-मे मध्ये ऊन प्रचंड. मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर, रत्नागिरी १७ वर, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यातच सूर्य डोक्यावर येऊन शून्य सावली होते. पण याच काळात वरचं पाणी गरम, स्थिर आणि पोषकद्रव्यांना गरीब असतं, नद्यांना पाणी नाही, समुद्र ढवळला जात नाही. ऑर्डर भरपूर, माल नाही.

जूनपासून उलटं. शास्त्री, वाशिष्ठी, काजळी, गड, कर्ली, तेरेखोल सगळ्या नद्या लाल पाणी घेऊन येतात, त्याबरोबर नायट्रेट येतं, शिवाय पश्चिम किनाऱ्यावर या महिन्यांत खालचं थंड पोषक पाणी वर सरकतं, केरळ-कर्नाटकाकडे जोरात आणि आपल्याकडे कमी. ऊन मात्र ढगामागे, पाणी गढूळ, खाडीच्या तोंडाशी खारटपणा एकदम उतरलेला.

नंतर ऑक्टोबर ते जानेवारी. पाणी निवळतं, आकाश मोकळं होतं, पावसाळ्यात आलेलं खतपाणी पूर्ण संपलेलं नसतं आणि मध्यम उन्हाचे दिवस मिळतात. बहुतेक शेवाळं आपल्या खडपांवर याच काळात सगळ्यात भरलेली दिसतात. ज्यांच्यात एमएए उन्हाप्रमाणे वाढतात त्या मधल्या पट्ट्यातल्या जातींचं सॅम्पल घ्यायचं असेल तर मी आधी हाच काळ निवडायला सांगेन, मे नाही.

पण पोर्फायरा तर भर पावसात येतो, ढगाळ हवेत त्याला एवढं संरक्षण कशाला?

सगळ्यात छान प्रश्न. तीन-चार गोष्टी आहेत.

एक तर ढगांनी उजेड कमी होतो पण यूव्ही तेवढी कमी होत नाही, पातळ ढगातून बरीचशी खाली येते. शिवाय ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास शून्य सावलीचा दिवस परत येतो, म्हणजे पावसाने उघडीप दिली आणि दोन तास लख्ख पडलं की ते ऊन मे एवढंच उभं असतं. पोर्फायरा बसतो सगळ्यात वरच्या कातळावर. तिथे आधीपासून एमएए तयार नसतील तर ऊन आल्यावर बनवायला वेळ मिळत नाही, बनायला दिवस लागतात आणि ढग तर मिनिटांत सरकतो.

आणि भरती-ओहोटी. आपल्याकडच्या जुन्या हिशोबाने तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला दुपारी अकरा-साडेअकराला भरती आणि अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाला भरती, बारा वाजता ओहोटी. याचा अर्थ बघा. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या, दिवशी जे एकदम खालचं खडप उघडं पडतं ते पहाटे किंवा संध्याकाळी पडतं, तिरप्या उन्हात, त्यामुळे खालची शेवाळं भर दुपारच्या उन्हातून बऱ्यापैकी सुटतात. पण वरच्या कातळावरच्या पोर्फायराला भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते त्या, दिवसांत भरतीचं पाणी नीट पोचतच नाही आणि ओहोटी नेमकी दुपारी बाराला. त्याला कुठल्याच हिशोबात सूट नाही. त्यामुळे कायम भरलेला एमएएचा साठा ही त्याची गरज आहे, आणि पावसाळ्यातला नायट्रोजन हा साठा परवडण्यासारखा करतो.

पाऊस गेला की तो गायब होतो कारण त्याची दुसरी अवस्था, कॉन्कोसेलिस नावाचे बारीक गुलाबी तंतू, शिंपल्यांच्या कवचात राहते. हे १९४९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी दाखवलं आणि जपानची नोरी शेती त्या एका शोधाने बदलली, तिथे त्यांचं स्मारकही आहे. नुसता पापुद्रा जपून पोर्फायरा टिकत नाही, खडपावरची कालवं आणि रिकामी कवचंही टिकायला हवीत.

मे महिन्यात ग्रॅसिलेरिया पिवळं-हिरवट पडतं, मेलं का ते?

बहुतेक वेळा नाही. लाल रंग देणारं फायकोएरिथ्रिन हे प्रथिन आहे, म्हणजे पुन्हा नायट्रोजन. उपासमार झाली की शेवाळ स्वतःचं फायकोएरिथ्रिन मोडून त्यातला नायट्रोजन बाकी गरजांना वापरतं, शिवाय एवढ्या प्रखर उजेडात प्रकाश गोळा करणारं यंत्र मोठं ठेवण्याची गरजही नसते. लाल गेला की खालचा हिरवा-पिवळा दिसायला लागतो. टोकं पांढरी पडून मऊ झाली, हाताला चिकट लागली तर मात्र ती मेलीत. नुसतं पिवळट असेल आणि ओढल्यावर लवचिक असेल तर खतपाणी मिळाल्यावर परत लाल होतं.

रंगावरून एमएएचा अंदाज मात्र लावू नका, ते रंगहीन असतात. पण रंग फिका म्हणजे नायट्रोजनची टंचाई, एवढं धरून चालायला हरकत नाही.

नायट्रेट चांगलं की अमोनियम?

शेवाळाला अमोनियम सोपं, थेट वापरता येतं. नायट्रेट आधी अमोनियमपर्यंत आणावं लागतं, त्याला ऊर्जा खर्च होते. माशांच्या टाकीतून निघणारं पाणी अमोनियमने भरलेलं असतं आणि त्यात वाढवलेल्या लाल शेवाळांत एमएए वाढलेले दिसलेत. ज्यांच्याकडे कोळंबी तलाव आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, तलावातून सोडायचं पाणी शेवाळाच्या टाकीतून नेलं तर पाणीही साफ आणि शेवाळही सकस. अमोनियम फारच वाढलं तर विषारी ठरतं, हे सांगायला नकोच.

आणि फॉस्फेट?

लागतं पण कमी. समुद्री वनस्पतींमध्ये कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस हे सरासरी ५५०:३०:१ अशा प्रमाणात धरतात. एमएएच्या रेणूत फॉस्फरस नाही, त्यामुळे त्याचा परिणाम वाढीमार्फत होतो, थेट नाही.

मग खाडीत सांडपाणी येतंय ते शेवाळाला फायद्याचंच की?

नाही हो. हा प्रश्न आला की मला खरंच काळजी वाटते. सांडपाण्यात नायट्रोजन असतो हे खरं, पण त्याबरोबर गाळ, जंतू, जड धातू येतात आणि अशा पाण्यात पहिली झेप घेतात ती अल्व्हासारखी भरभर वाढणारी हिरवी शेवाळं. ती खडप झाकून टाकतात आणि सावकाश वाढणाऱ्या लालला जागाच राहत नाही. शिवाय शेवाळ जड धातू अंगात साठवतं, तिथलं शेवाळ खाण्याच्या लायकीचं राहत नाही.

आम्हाला शेती करायचीय. जास्त खत म्हणजे जास्त पैसा?

तुम्ही काय विकणार त्यावर आहे. अगार किंवा कॅराजिनन (लाल शेवाळातून निघणारे, जेलीसारखा घट्टपणा देणारे पदार्थ) विकायचं असेल तर गंमत अशी की नायट्रोजन कमी झाला की ही साखरी द्रव्यं वाढतात, कारण प्रकाशातून बनलेला कार्बन प्रथिनाकडे न जाता तिकडे वळतो. कॉन्ड्रसमध्ये हे १९७० च्या दशकातच दाखवलं गेलं. एमएए, प्रथिन, लाल रंग विकायचा असेल तर उलट, नायट्रोजन मिळत राहायला हवा. दोन्ही एकाच वेळी भरपूर मिळत नाही. काही ठिकाणी आधी खतपाण्यात वाढ करून काढणीआधी थोडे दिवस उपाशी ठेवतात, ते अगारसाठी. एमएएसाठी शेवटच्या दिवसांत नायट्रोजन चालू ठेवून ऊन वाढवायला हवं, म्हणजे शेवाळ बांधलेले दोर पाण्यात वर घ्यायचे.

कॅपाफायकस लावायचा विचार असेल तर थोडं थांबून विचार करा. मूळचं फिलिपिन्सकडचं हे शेवाळ तमिळनाडूत चालतं, पण तिथेच मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ प्रवाळांवर पसरल्याच्या नोंदी आहेत आणि मालवणला आपल्याकडे प्रवाळ आहेत. शिवाय पावसाळ्यात आपला समुद्र तराफे ठेवू देत नाही, आणि गोडं पाणी, कडक ऊन, पोषणाची कमतरता यातलं काहीही झालं की त्याच्या फांद्या पांढऱ्या पडून तुटतात, त्याला आइस-आइस म्हणतात. स्थानिक ग्रॅसिलेरिया, हिप्नियावर जास्त काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. सल्ल्यासाठी रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भावनगरची सीएसएमसीआरआय (केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था) आहे, तिथे विचारा.

शेवाळ वाटून तोंडाला लावलं तर सनस्क्रीन होईल का?

नाही. वजनाच्या जेमतेम १ टक्का एमएए, तेही पेशींच्या आत, वाटून लावलं तर त्वचेवर सारखा थर बसत नाही आणि पाण्यात विरघळत असल्याने घामाबरोबर वाहून जातो. युरोपात पोर्फायरा अंबिलिकॅलिसपासून काढलेले एमएए क्रीममध्ये घालतात, पण ते अर्क काढून, शुद्ध करून, मोजून. हवाईने प्रवाळांच्या काळजीपोटी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदीचा २०१८ मध्ये कायदा केला, तो २०२१ पासून लागू झाला, तेव्हापासून अशा नैसर्गिक फिल्टरांकडे लक्ष वाढलंय. आपल्याकडे संधी आहे, पण ती प्रयोगशाळेतून जाते.

शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांना याचा फायदा होतो का?

होतो, आणि हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. बहुतेक प्राणी एमएए स्वतः बनवू शकत नाहीत, त्याची सुरुवात ज्या रासायनिक वाटांवरून होते त्यातली मुख्य, शिकिमेट, प्राण्यांत नाही. पण लाल शेवाळ खाल्लेल्या समुद्री अर्चिनच्या (काटेरी चेंडूसारखा प्राणी) अंड्यांत एमएए सापडतात आणि कॉन्ड्रस खायला घातलेल्या अर्चिनची पिल्लं यूव्हीत जास्त तग धरतात हे प्रयोगात दिसलंय. माशांच्या डोळ्यांच्या भिंगातही एमएए असतात, अन्नातून आलेले. म्हणजे खडपावरच्या एका पट्ट्यात नायट्रोजन कमी पडला तर त्याचा परिणाम शेवाळावर थांबत नाही.

वाळवायचं कसं म्हणजे द्रव्यं टिकतील?

सावलीत, वारा लागेल असं, पातळ पसरून. कडक उन्हात लाल रंग उडतो, एमएए बऱ्यापैकी टिकतात. खरा शत्रू गोडं पाणी: गोड्या पाण्यात भिजत ठेवलं तर पेशी फुगून फुटतात आणि एमएए पाण्यात निघून जातात. समुद्राच्याच स्वच्छ पाण्यात वाळू झटकून धुवा, अगदी शेवटी गोड्या पाण्यातून एकदाच पटकन काढा.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हे मोजता येईल का?

येईल, महाग मशीन नसलं तरी. वाळलेलं शेवाळ बारीक करून २५ टक्के मिथेनॉलच्या पाण्यात ४५ अंश सेल्सिअसला २ तास ठेवायचं, गाळायचं आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८० ते ४०० नॅनोमीटरचा आलेख काढायचा. ३२० ते ३३५ च्या आसपास टेकडी दिसली की एमएए आहेत. कुठला एमएए किती हे एचपीएलसीशिवाय (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं मशीन) कळत नाही, ते गाइडना विचारून बाहेरून करून घ्या. मिथेनॉल विषारी आहे, फ्यूम हूड किंवा निदान मोकळ्या खिडक्या, हातमोजे, आणि घरी अजिबात नाही.

तुलना हवी असेल तर एकाच खडपावर उन्हाच्या बाजूची आणि सावलीच्या कपारीतली एकच जात घ्या, एकाच दिवशी, एकाच ओहोटीला. दोन बादल्यांत समुद्राचं पाणी घेऊन एकात थोडं अमोनियम क्लोराइड घालून आठवडाभर ठेवलं तर नायट्रोजनचाही फरक बघता येतो, पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं आणि बादल्या एकाच उन्हात ठेवायच्या. मूठभरापेक्षा जास्त उपटू नका, बुडखा कातळावर राहू द्या म्हणजे परत फुटतं, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काहीही उचलायच्या आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.